रेशमाला चालणारे हात

कृष्णात तारळेकरच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं त्या दिवशी सकाळी साडेअकरा वाजता आवाज केला. आवाज काही मोठा नव्हता. पण तो सांगलीच्या गणपती पेठेत, आप्पांच्या कापडदुकानात, रेशमाच्या साड्या दाखवायच्या पांढऱ्या चादरीच्या गादीवर झाला, आणि हिरव्यागार बनारसी शालूवर झाला. 'चर्र' असा. समोर बसलेल्या बाईंनी आधी शालूकडं बघितलं, मग कृष्णातच्या बोटाकडं आणि मग आपल्या बहिणीकडं. शालूच्या पदराजवळ वीतभर धागा ओढला गेला होता आणि त्याचं टोक कृष्णातच्या बोटाच्या भेगेत अडकून बसलं होतं.

साल चौऱ्याहत्तर. सांगलीत नदीवरून येणारी थंडी आधी माणसाचे ओठ फोडते, मग टाचांकडं वळते, आणि त्यातून वेळ उरला तर हातांचं बघते. कृष्णातच्या बाबतीत तिनं सुरुवातच हातांपासून केली होती. चार दिवस त्याची बोटं उलत होती. कुणाचे हात उलले तर लोक 'जरा तेल लाव' म्हणून पुढं जातात. पण चौदा वर्षं जो माणूस रेशमावर हात फिरवून घर चालवतो, त्याची बोटं उलली की त्याच्या पायाखालची गादीच सरकते. इथं तर ती खरोखरच सरकायच्या बेतात होती.

कृष्णात साड्या विकायचा असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. तो साड्या उलगडायचा. एका झटक्यात पदर असा पसरायचा की गादीभर रंग सांडायचा, आणि मग त्या रंगातून त्याचं मन कुठल्या कुठं निघून जायचं. निळी साडी उघडली की त्याला दिवेलागणीची कृष्णा दिसायची. केशरी उघडली की विट्याला वडिलांच्या मागाशेजारी उन्हात वाळत घातलेलं सूत दिसायचं. एकदा मोरपंखी साडी उलगडता उलगडता तो इतका लांब गेला, की गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात गेलं, तिथून साडी घेऊन आलं, विसरलेली छत्री उचलून परत गेलं, तरी ह्याचा पदर अजून हवेतच. पण आप्पा त्याला काही बोलत नसत. बायका म्हणायच्या, "त्या तंद्रीवाल्यांनीच साडी दाखवायची," आणि गिऱ्हाईकाचं म्हणणं आप्पांना पाठ असायचं.

आज मात्र आप्पा गल्ल्यावरून उठले. त्यांनी धागा बघितला, बोट बघितलं, आणि बाई गेल्यावर शांतपणे विचारलं,

"तारळेकर, ह्यो हात हाय का किसणी?"

"थंडी हाय आप्पा. जरा उललाय."

"उद्या पौष लागतोय. म्हयनाभर लग्नं न्हाईत, तेवढा म्हयना तुमचा. माघातला पयला बस्ता यायच्या आत हात मऊ करून या. झाला तर गादी तुमची. न्हाई तर अर्जुना हायच."

अर्जुना म्हणजे दुकानातला दुसरा विक्रेता. त्याचे हात जन्मजात मऊ होते, कारण त्यांना आजवर कुठल्याच कामानं त्रास दिला नव्हता. अर्जुना साडी उलगडायचा नाही, नुसती सोडायचा. कृष्णात उठला तेव्हा तो त्याच्या जागेवर बसला, आणि बसताना चादरीवरची कृष्णातच्या मांडीची सुरकुती तळहातानं सपाट केली. ती सुरकुती चौदा वर्षांची होती. कृष्णातला ते फार लागलं.

त्याची रवानगी मागच्या बाजूला झाली. तिथं चादरी, सतरंज्या आणि मांजरपाट. मांजरपाटाची खळ बोटांना लागून हात आणखी कोरडे पडायचे, हे आप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. मांजरपाट उलगडून माणसाला काही दिसतही नाही. कृष्णातनं प्रयत्न करून बघितला. त्याला फक्त उशा दिसल्या.

खणभागातल्या चाळीत ही बातमी त्याच्या आधी पोचली. बायको, बनुबाई, दारात उभी होती. ती काही विचारणार, एवढ्यात शेजारच्या आक्काताई मधे आल्या. आक्काताई सत्तरीच्या, आणि चाळीतल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांचा पहिला हक्क.

"हात उललाय म्हणं? कोकमतेल लाव. गोळा निखाऱ्यावर धर, पातळ झालं की चोळ. आन दोन तास कशाला म्हणून शिवायचं न्हाई बग."

कृष्णातनं तसंच केलं. संध्याकाळी कोकमतेल चोळून तो दाराबाहेरच्या कट्ट्यावर दोन्ही हात खांद्यांपर्यंत वर धरून बसला. पहिल्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं हा कुणाला तरी थांबवतोय. दोघे थांबलेही. पण अर्ध्या तासानं कृष्णातच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती त्याला चौदा वर्षांच्या संसारात कुणी सांगितली नव्हती. ज्याच्या दोन्ही हातांना तेल आहे त्याला दळण आणायला पाठवता येत नाही. त्याला पाणी भरायला सांगता येत नाही, रॉकेलच्या रांगेत उभं करता येत नाही. त्याची टोपी घसरली तर ती दुसऱ्यानं सरळ करायची, आणि त्याच्या नाकाला खाज सुटली तर बनुबाईनं हातातलं काम टाकून यायचं. असा माणूस नुसता बसू शकतो.

कृष्णात बसला. समोरच्या कौलांवर ऊन उतरत होतं. त्याला दिसलं, की तो पुन्हा गादीवर आहे आणि एक साडी उलगडतोय, पण तिचा पदर काही येत नाही. साडी दुकानातून बाहेर पडली, पेठेतून गेली, घाटाच्या पायऱ्या उतरली, आणि नदीवरचा मोठा पूल ओलांडून पलीकडच्या उसात शिरली, तरी हातातली घडी तेवढीच. माणसं बाजूला होऊन तिला वाट देत होती. कुणीतरी लांबून विचारलं, "रंग कंचा?" आणि कृष्णातला काही केल्या रंगाचं नाव आठवेना.

"आवं," बनुबाई म्हणाली, "दोन तास कवाच झालं. जेवायला चला."

आठ दिवसांत भेगा मिटल्या. कृष्णात ताठ मानेनं आप्पांपुढं गेला. आप्पांनी रेशमाचा एक तुकडा पुढं केला. कृष्णातनं अलगद हात फिरवला. चर्र झालं नाही. अर्जुनाचा चेहरा पडलेला बघायला त्याला फार बरं वाटलं, पण ते सुख चार सेकंदांचं ठरलं. तुकड्यावर पाच बोटांचे पाच पिवळट डाग, ठसे घेतल्यासारखे स्वच्छ उमटले होते.

"गेल्या आठवड्यात वडलं, आज डागाळलं," आप्पा म्हणाले. "तारळेकर, रेशमाला कोरडा हातबी चालत न्हाई आन तेलकट हातबी चालत न्हाई. मधला हात आना."

मधला हात कुठं मिळतो हे त्यांनी सांगितलं नाही.

त्या रविवारी कृष्णातला जी कल्पना सुचली ती फक्त विट्याच्या कोष्ट्याच्या मुलालाच सुचू शकते. वडील ताण्याच्या सुताला खळ लावायचे. खळ लावली की सूत पिंजत नाही, तुटत नाही, कशात अडकत नाही. मग बोटांनी सुताचं काय घोडं मारलं होतं? बनुबाई बाजाराला गेल्याचं बघून त्यानं दाराला आतून कडी घातली, तांदळाच्या पिठाची दाट खळ शिजवली, दोन्ही हात मनगटांपर्यंत बुडवले आणि वडील सूत वाळवायचे तसे खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरले. वाळेपर्यंत तो पुन्हा तंद्रीत गेला. शुद्धीवर आला तेव्हा हात इस्त्री केलेल्या टोपीसारखे कडक झाले होते. बोटं मिटेनात. दाराची कडी निघेना. बनुबाई परत आली तेव्हा नवरा आतून कोपरानं दार वाजवत होता.

तिनं कोमट पाण्याच्या पातेल्यात त्याचे हात बुडवले आणि पाऊण तास ती एकेक बोट सोडवत बसली. 

मग पलीकडच्या खोलीतले धोंडिराम हवालदार आले. पंधरा वर्षं फौजेत काढून ते घरी आले होते आणि येताना सोबत एक गोल डबा आणला होता. त्यावरची अक्षरं केव्हाच पुसली होती.

"गड्या, ह्ये मिल्ट्री का माल हाय. बरफात लावायचो आमी. एक बोट लाव, चमडी कवा उलनार न्हाई."

"कशाला लावायचा ह्यो?"

"पायाला लावायचो, हाताला लावायचो, बुटाला लावायचो. बूट बग की!" हवालदारांनी पाय पुढं केला. बूट खरोखर नवा दिसत होता. तो डबा मुळात कशासाठी होता, पायांसाठी की बुटांसाठी, हे पंधरा वर्षांत त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. फौजेत फार विचारत नाहीत.

कृष्णातनं लावलं. हात मऊ झाले हे खरं. पण ते तपकिरीही झाले, आणि नळाखाली धरले की पाणी त्यांना न शिवता थेंब थेंब होऊन घरंगळू लागलं. तो रंग सहा दिवस राहिला. ह्या सहा दिवसांत मागच्या बाजूला आलेल्या एका गिऱ्हाईकानं त्याला, "तुमी चांभारकीचं बी काम करता काय?" असं अगदी आपुलकीनं विचारलं, आणि चपलेचा अंगठा पुढं केला.

पौषाचे पंधरा दिवस गेले होते. कृष्णात अर्धा दिवस रजा काढून मिरजेला गेला. मिरजेत दवाखाने इतके, की चालत्या माणसाला काही झालेलं नसलं तरी संकोच वाटतो. एका दवाखान्याच्या खिडकीत त्यानं केसपेपरसाठी हात घातला.

"धंदा?" आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

"कापड."

त्या माणसानं 'कापड गिरणी' असं लिहिलं आणि दुसऱ्या रांगेत पाठवलं. गिरणीत कापूस छातीत जातो, म्हणून त्या रांगेच्या शेवटी छातीचा फोटो काढत. कृष्णातनं दोनदा बोटं दाखवली. "आधी फोटू, मग डाक्टर," एवढंच उत्तर मिळालं. थंडगार पत्र्याला छाती लावून त्यानं श्वास रोखून धरला. फोटो उत्तम आला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून बघितला, छाती निरोगी असल्याबद्दल अभिनंदन केलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बोटांचा विषय काढायला कृष्णातला वेळच मिळाला नाही.

परत येताना तो तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत रेंगाळला. दारांतून भोपळे टांगले होते. एक म्हातारा कारागीर भोपळ्यावर तळहात फिरवत बसला होता, इतका सावकाश, की हात फिरतोय का भोपळा हे कळू नये. आत कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून बघत होतं. कृष्णात उंबऱ्याशी उभा राहिला. त्याला वाटलं, इथंच राहावं. हातांवर काही अवलंबून नसावं, नुसतं बघत राहावं, आणि ती तार लागेपर्यंत कुणी हाक मारू नये.

"ह्यो उलत न्हाई काय ओ थंडीत?" त्यानं भोपळ्याकडं बोट करून विचारलं.

"उलतो की," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर घाई करत न्हाई."

तार काही लागली नाही. सांगलीची गाडी मात्र गेली.

शेवटचा उपाय म्हणून कृष्णात कटलरीच्या दुकानात गेला. तिथं स्नो होते, कोल्ड क्रीमं होती, ग्लिसरीन होतं, गुलाबपाणी होतं, आणि गुलाबी कागदावर हसणाऱ्या बायका होत्या. दुकानदारानं अदबीनं विचारलं,

"वहिनींची कातडी कशी हाय? कोरडी, तेलकट का मिश्र?"

माझ्याच हातांना पाहिजे, असं म्हणायला कृष्णातची जीभ वळेना. पेठेत चौदा वर्षं त्याला ओळखणारी माणसं आजूबाजूला उभी होती.

"कोरडी," तो म्हणाला.

"रंग? गोरा, गव्हाळ, सावळा?"

कृष्णात अडला. बनुबाईचा रंग काय होता? रोज शंभर रंगांची नावं घेणाऱ्या माणसाला ते सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, "चांगला हाय." दुकानदारानं त्यावरून एक काचेची डबी काढून दिली. आत पांढरंशुभ्र क्रीम आणि वास गुलाबाचा.

डबी त्यानं सदऱ्यात लपवून आणली खरी, पण सदरा काढताना ती बनुबाईच्या पायाशीच पडली. बनुबाईनं ती उचलली. झाकण उघडलं, वास घेतला, आणि तिचा चेहरा असा उजळला, की कृष्णात काढलेल्या सदऱ्याची घडी घालू लागला.

"माज्यासाठी?" ती म्हणाली.

काय सांगणार? त्यानं मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलवली हे त्याचं त्यालाही नीट कळलं नाही, पण बनुबाईला कळलं. तिनं डबी फडताळात देवाच्या पुस्तकांमागं ठेवली. लावली नाही. एवढी चांगली वस्तू लावून संपवायची कशाला? रोज संध्याकाळी ती नुसतं झाकण उघडून वास घ्यायची आणि परत ठेवायची. आक्काताईंना तिनं बोलावून दाखवली. "चौदा वर्सांत पयल्यांदा," असं ती म्हणाली ते कृष्णातनं आतल्या खोलीत ऐकलं.

माघ बारा दिवसांवर आला होता. कृष्णात आपल्याच घरात चोर झाला. बनुबाई नळावर गेली की तो फडताळ उघडायचा, बोटाच्या टोकानं थोडंसं क्रीम घ्यायचा, आणि वरचा भाग असा सपाट करून ठेवायचा की हात लागल्याचं कळू नये. रेशमाच्या घड्या घालणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हतं. अवघड होता वास. सतरंज्या मोजताना त्याच्या अंगाभोवती गुलाबाचा दरवळ असायचा. आपण बागेत आहोत असं त्याला वाटायचं, आणि मग बनुबाईची आठवण होऊन बाग नाहीशी व्हायची.

पाचव्या दिवशी बनुबाईनं झाकण उघडलं आणि आत डबीचा तळ दिसला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती डबी घेऊन त्याच्यासमोर बसली.

"मला वाटलं माज्यासाठी आनलीया," ती म्हणाली.

कृष्णातला त्या वेळी खरोखर स्वतःची लाज वाटली. गादी गेली तेव्हा वाटली नव्हती एवढी. त्यानं सगळं सांगितलं. दुकानदारानं रंग विचारला आणि आपल्याला सांगता आला नाही, हेसुद्धा सांगितलं. ते ऐकून बनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्यातून तिला हसू फुटलं.

"आवं, आक्कांना इचारलं, हवालदारांना इचारलं, मिरजंला जाऊन फोटू काडून आला. ह्या घरात मी ऱ्हाती, ठावं हाय न्हवं?" तिनं दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. "रोज राखुंड्यानं भांडी घासती, धुणं धुती. बगा, उलल्यात?"

कृष्णातनं बघितलं. हात राबलेले होते, पण एक भेग नव्हती. बोटांच्या पेरांपाशी रंग गव्हाचा होता आणि तळव्याला किंचित गुलाबी होत गेला होता. चौदा वर्षं हे हात त्याला ताट वाढत होते.

"कोरड्या कातड्यावर त्याल वतून काय हुतंय? नुसतं वर तरंगतंय. हात धुतला की वला असतानाच दोन थेंब खोबऱ्याचं त्याल चोळायचं, आन लगीच फडक्यानं पुसून टाकायचं. आतलं पानी आत ऱ्हातंय, वरचं त्याल फडक्याला जातंय. एवढंच."

एवढंच होतं. सात दिवसांत कृष्णातचे हात मधले झाले. धागा ओढेना, डाग पडेना. दुसरी डबीही आली. ती आणताना कटलरीवाल्यानं पुन्हा रंग विचारला, तेव्हा कृष्णातनं इतका वेळ घेऊन आणि इतक्या बारकाईनं सांगितला की मागच्या गिऱ्हाईकांनी कुरकुर केली.

माघातला पहिला बस्ता शिराळ्याकडच्या एका लग्नाचा होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तीस माणसं आली. नवऱ्यामुलाकडच्या बायका पुढं बसल्या, मुलीकडच्या मागं. आप्पांनी रेशमाचा तुकडा पुढं केला, कृष्णातनं हात फिरवला, आप्पांनी तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "बसा." अर्जुना उठला. कृष्णात आपल्या जागेवर बसला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं, की उठून सगळ्यांना चहा पाजावा असं मनात आलं. पण आप्पा आज गल्ल्यावर न जाता तिथंच स्टुलावर बसले होते. आज बोट चुकलं तर गादी कायमची अर्जुनाची, हे त्यांनी तोंडानं न बोलता सांगितलं होतं.

पहिल्या शालूला हळदीकुंकू लावलं. मग कृष्णातनं डाळिंबी रंगाचा शालू उलगडला. गादीभर डाळिंब फुटलं. नवरीमुलगी पुढं वाकली, सासूबाईंनी पदर चाचपला, नणंदांनी जरीचे बुट्टे मोजले. कृष्णात हळूहळू दूर निघाला होता, पण ह्या वेळी त्याला मधेच कुणीतरी अडवलं. सगळ्या बायकांचे हात शालूवर होते. एका बाईचे नव्हते. ती नवरीची आई होती, हरणाबाई. ती सगळ्यांत मागं, हात पदराखाली घेऊन बसली होती आणि शालूकडं इतकं टक लावून बघत होती, की त्याच्या नक्षीतली एकेक कोयरी मोजत असावी.

चौदा वर्षांत अशा किती आया समोर बसून गेल्या असतील. कृष्णातला वाटायचं त्या लाजतात. पण महिनाभर त्यानं स्वतःच हात लपवले होते, आता त्याला खरं कारण कळत होतं.

"मावशी," तो म्हणाला, "तुमी हात लावा की. तुमच्या लेकीचा हाय."

"ऱ्हाऊ द्या. दिसतोय की मला."

"लावा ओ."

लेकीनंही वळून बघितलं. हरणाबाईनं पदराखालून उजवा हात काढला. ऊस तोडून, पाला सोलून काळ्या रेघा पडलेला हात. तो तिनं शालूवर टेकवला, आणि 'चर्र' झालं.

सगळ्या बायका थांबल्या. डाळिंबी रंगावर धागा वर आलेला स्पष्ट दिसत होता. सासूबाईंनी मान वर केली.

"कुणी वडला ह्यो?"

हरणाबाईचा हात पदराखाली गेला होता. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. व्याह्यांपुढं, लेकीच्या लग्नाच्या शालूला, आईच्या हातानं. कृष्णातनं आप्पांकडं बघितलं. आपण आता काय गमावणार हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"माजं बोट," तो म्हणाला. "थंडीनं उललंय."

आप्पा स्टुलावरून उठले. त्यांनी कृष्णातचं बोट आपल्या दोन बोटांत धरून दाबलं. लोण्यासारखं होतं. चाळीस वर्षं रेशमात घालवलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? त्यांनी एकदा मागच्या रांगेकडं बघितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"तारळेकर, तुमाला म्हयना दिला हुता. उठा गादीवरनं."

कृष्णात उठला. उठण्याआधी त्यानं सुई मागून घेतली, शालू उलटा केला आणि तो धागा मागच्या बाजूनं एकेक घर करत जागेवर बसवला. कोष्ट्याच्या पोराला ते येतं. नंतर कुठं ओढला होता हे सासूबाईंनाही सापडेना. नवरीनं तोच शालू पसंत केला. पुढच्या साड्या अर्जुनानं सोडल्या.

बस्त्याचं गाठोडं ट्रॉलीपर्यंत न्यायचं काम कृष्णातकडं आलं. बाकीची मंडळी चहाला गेली होती. ट्रॉलीत हरणाबाई एकटीच, पेंढ्यावर बसलेली. त्यानं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि वळणार, तोच ती म्हणाली,

"दादा, बोट तुमचं न्हवतं."

"न्हाई," कृष्णात म्हणाला. "पर गेला म्हयनाभर माजंबी असंच हुतं."

"आमचं बारा म्हयनं असंच." तिनं गाठोडं जवळ ओढलं. "लेकीचा शालू, आन नीट हात लावायचा ऱ्हाऊन गेला बगा."

कृष्णातनं रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं. मग गाठोड्याची गाठ सोडली आणि डाळिंबी शालूची वरची घडी उलगडून तिच्यापुढं धरली. हरणाबाईनं हात पुढं केला नाही. ती खाली वाकली आणि तिनं आपला गाल त्या रेशमावर टेकवला. डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच राहिली.

"पोर जल्मली तवा," ती हलकेच म्हणाली, "अशीच लागली हुती."

 पेठेतून सायकली जात होत्या, चहावाल्याच्या बशा वाजत होत्या, आणि तो गाठोड्याची सुटलेली टोकं दोन्ही हातांत धरून, ती मान वर करेपर्यंत तिथं उभा राहिला.